गुडघ्याचा हिशेब कोनांत

"चालायला काही नाही हो, पण जिना उतरताना जीव जातो." गुडघेदुखीची तक्रार घेऊन आलेली बाई बहुधा असं काहीतरी बोलते आणि त्या एका वाक्यात अर्धं निदान सांगून टाकते. सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर चालणं आणि वीस पायऱ्या उतरणं ही गुडघ्याच्या लेखी दोन निराळी कामं आहेत. आपण मात्र सगळा हिशेब पावलांनी मांडतो. "फार चालणं होतं का?" असं विचारतो आणि होत असेल तर ते बंद करायला सांगतो. खरं विचारायला हवं ते हे, की अंगाचा भार पेलताना गुडघा किती वाकलेला असतो आणि त्या वेळी मांडी, खुबा आणि घोटा त्याच्या मदतीला येतात की नाही.

एक सांधा, दोन कामं

गुडघा म्हणून आपण ज्याला हात लावतो, तिथे कामाच्या दृष्टीने दोन सांधे आहेत. मांडीचं हाड नडगीच्या हाडावर टेकतं तो पहिला. शरीराचं वजन तिथून खाली उतरतं. या दोन हाडांच्या मध्ये, आतल्या आणि बाहेरच्या बाजूला, मेनिस्कस नावाच्या अर्धचंद्राकृती गाद्या असतात.

दुसरा सांधा वाटीचा. मांडीच्या हाडाला पुढून एक खाच असते, तिच्यात वाटी वर-खाली सरकते. वरून तिला क्वाड्रिसेप्स हा मांडीचा मोठा स्नायू धरतो, खालून एक जाड पट्टा तिला नडगीशी बांधतो. वाटीमुळे स्नायूची ओढ सांध्याच्या मध्यापासून थोडी दूर जाते, म्हणून कमी जोर लावून पाय सरळ करता येतो. या सोयीची किंमत वाकताना मोजावी लागते. गुडघा जितका दुमडेल, तितकी वरची आणि खालची ओढ मिळून वाटीला मागे, मांडीच्या हाडावर दाबते.

त्यामुळे दुखण्याची जागा महत्त्वाची. वाटीच्या मागे किंवा भोवती, नेमकं बोट ठेवता येणार नाही असं दुखत असेल, जिन्यावर वाढत असेल, तीन तासांचं नाटक बघून उठताना गुडघा आखडत असेल, तर बहुतेक वेळा तक्रार वाटीच्या सांध्याची असते. पन्नाशीनंतर आतल्या बाजूच्या सांध्यावर बोट ठेवून "इथे" असं सांगता येत असेल आणि चालतानाही दुखत असेल, तर पहिल्या सांध्याकडे बघावं लागतं. दोन्ही एकत्र असणंही दुर्मीळ नाही.

किती भार पडतो?

हा प्रश्न पूर्वी केवळ गणिताने सोडवला जाई. पुढे बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी काही रुग्णांना बसवलेल्या कृत्रिम गुडघ्यातच भार मोजणारी यंत्रणा ठेवली आणि ती माणसं घरात-रस्त्यावर करतात त्या हालचाली करत असताना आकडे नोंदवले. २०१० मध्ये पाच जणांवरची मोजमापं प्रसिद्ध झाली. दोन पायांवर नुसतं उभं राहिलं की एका गुडघ्यावर साधारण शरीराच्या वजनाएवढा भार येतो. सपाट चालताना तो सुमारे २.६ पट, खुर्चीतून उठताना सुमारे २.५ पट, जिना चढताना ३.२ पट आणि उतरताना जवळपास ३.५ पट होतो. साठ किलोच्या बाईने पायरी उतरली की तिच्या गुडघ्यातून दोनशे किलोंहून जास्त भार जातो.

वजनापेक्षा भार जास्त कसा? तोल सांभाळण्यासाठी आणि सांधा कोसळू नये म्हणून भोवतालचे स्नायू आकसतात आणि त्यांच्या ओढीने हाडं एकमेकांवर दाबली जातात. सांध्यावरचा बराचसा भार हा आपल्याच स्नायूंचा असतो.

वाटीचे आकडे आणखी बोलके आहेत. १९७२ मधल्या एका जुन्या, पण आजही उद्धृत होणाऱ्या अभ्यासात चालताना वाटीवरचा दाब शरीराच्या वजनाच्या निम्मा, जिन्यावर ३.३ पट आणि खोल बैठकीत सात पटींहून जास्त निघाला. म्हणजे चालण्यातून बैठकीत गेलं की पहिल्या सांध्याचा भार फारसा बदलत नाही, वाटीचा मात्र पंधरापट होतो. "चालायला काही नाही" या वाक्याचा अर्थ इथे उलगडतो.

चढण्यापेक्षा उतरणं का जड जातं, हेही यातूनच कळतं. दमायला चढताना होतं, म्हणून आपल्याला ते अवघड वाटतं. उतरताना मागच्या पायाला दुमडत दुमडत सगळं शरीर हळूहळू खाली सोडायचं असतं. क्वाड्रिसेप्स लांबत जाताना ब्रेक लावतो. तो कमजोर असला की बाई शेवटच्या दोन इंचांत पाय टाकून देते आणि तो हिसका सांध्यात जातो.

दुखतं नेमकं काय?

"गादी झिजली" हे आपल्याकडचं सर्वांत लाडकं स्पष्टीकरण. हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं आणि वयानुसार ते झिजतं, हे खरं. पण कूर्चेला मज्जातंतूच नसतात, त्यामुळे ती स्वतः दुखू शकत नाही.

याचा पुरावा एका डॉक्टरने स्वतःच्या अंगावर मिळवला. सॅन फ्रान्सिस्कोचे अस्थिशल्यविशारद स्कॉट डाय यांनी सांध्याच्या आत भूल न देता स्वतःच्या गुडघ्यात दुर्बीण घालून घेतली आणि आतल्या एकेका भागाला टोचल्यावर काय जाणवतं ते सांगितलं. हा वृत्तान्त १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. वाटीच्या मागच्या कूर्चेला टोचलं तर काहीच कळलं नाही. वाटीच्या खालची चरबीची गादी आणि सांध्याचं आतलं अस्तर मात्र असह्य दुखलं.

म्हणून एक्स-रेमध्ये भरपूर झीज असलेली आजी खुशाल फिरते आणि स्वच्छ एक्स-रे असलेली तिशीतली मुलगी पायरी उतरताना कळवळते. दुखणं येतं ते कूर्चेखालच्या हाडातून, सुजलेल्या अस्तरातून, चिमटल्या गेलेल्या चरबीतून, ताणलेल्या पट्ट्यांतून. हे भाग भार सोसतात तोवर गप्प असतात, सोसण्याची मर्यादा ओलांडली की बोलतात. ती मर्यादा वाढवता येते आणि भार कमी करता येतो, म्हणून एक्स-रे पाहून धीर सोडायचं कारण नाही.

ओट्याशी तासन् तास उभं राहणाऱ्या कितीतरी बायका गुडघे मागे ढकलून, कुलूप लावल्यागत ताठ करून उभ्या राहतात. स्नायूंना आराम मिळतो, पण ती वाटीखालची नाजूक चरबी हाडांमध्ये चेपली जाते. गुडघे किंचित सैल ठेवणं आणि एक पाय आलटून पालटून बुटक्या पाटावर ठेवणं, एवढ्यानेही फरक पडतो.

बायकांचेच गुडघे का?

बायकांना जास्त त्रास होतो यात शंका नाही. अमेरिकेच्या नौदल अकादमीत प्रशिक्षण घेणाऱ्या तरुण-तरुणींवर लक्ष ठेवलं तेव्हा वाटीभोवतीचं दुखणं नव्याने सुरू होण्याचं प्रमाण मुलींमध्ये दुपटीहून जास्त दिसलं. दोघांची कवायत सारखी, खाणं सारखं, तरीही हा फरक. उतारवयातल्या संधिवाताचंही तेच. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या प्रसिद्ध पाहणीत एक्स-रेवरची झीज पुरुषांत आणि स्त्रियांत जवळपास सारखी होती, पण झीज आणि दुखणं दोन्ही असण्याचं प्रमाण स्त्रियांत ११ टक्क्यांवर आणि पुरुषांत सुमारे ७ टक्के होतं.

याचं ठरीव उत्तर असं: बायकांचा कटिभाग रुंद, म्हणून मांडीचं हाड जास्त तिरकं येतं, स्नायूची ओढ बाहेरच्या बाजूला जाते आणि वाटी बाहेर घसटते. या तिरकेपणाला क्यू कोन म्हणतात. पुस्तकांत तो पुरुषांत साधारण १४ अंश आणि स्त्रियांत १७ अंश दिलेला असतो. ऐकायला हे पटतं, पण मला ते फार सोयीचं उत्तर वाटतं. फरक दोन-तीन अंशांचा आहे, तो बराचसा उंचीमुळे दिसतो आणि सारख्या उंचीचे पुरुष-स्त्रिया घेतले तर जवळजवळ नाहीसा होतो, असं २००५ मधल्या एका मोजणीत आढळलं. शिवाय ज्यांचा कोन मोठा त्यांचं जास्त दुखतं, असंही नेमाने दिसत नाही. हाडांची ठेवण बदलता येत नाही, त्यामुळे "बायकांचं शरीरच तसं" म्हणून विषय संपवायला हे स्पष्टीकरण फार उपयोगी पडतं.

जास्त हाती लागतं ते हालचालीत. बाईला एका पायावर उभं करून हळूच गुडघा वाकवायला सांगा. पुष्कळदा गुडघा पावलाच्या रेषेत न राहता आत, दुसऱ्या गुडघ्याकडे झुकतो. दोष गुडघ्याचा नसतो. खुब्याच्या बाहेरच्या बाजूला ग्लुटियस मीडियस नावाचा स्नायू आहे. एका पायावर असताना कटिभाग सपाट आणि मांडी रेषेत ठेवणं हे त्याचं काम. तो वेळेवर आवळला नाही की मांडीचं हाड आत वळतं. लॉस एंजेलिसचे क्रिस्टोफर पॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायावर भार असताना एमआरआय काढून दाखवलं, की अशा वेळी वाटी जागेवरून हलण्यापेक्षा तिच्याखालचं मांडीचं हाडच आत फिरतं. गाडी रुळावरून घसरली असं आपण म्हणत होतो, प्रत्यक्षात गाडीखालून रूळ सरकत होता. वाटीवर पट्ट्या आवळून तिला जागेवर ढकलत बसण्यापेक्षा खुब्याकडे लक्ष देण्याचा विचार या निरीक्षणांतून बळावला.

घोट्याचाही हात असतो. पाऊल आत कलंडत असेल तर नडगी आत वळते आणि मागोमाग गुडघा. घोटा पुरेसा दुमडत नसेल तर खाली बसताना टाच उचलते आणि गुडघा बोटांच्या फार पुढे जातो.

मग स्नायूंची ताकद. शरीराच्या वजनाच्या तुलनेत क्वाड्रिसेप्सची ताकद स्त्रियांत सरासरीने कमी असते. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात वयस्क मंडळींवर केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की ज्या स्त्रियांना पुढे गुडघ्याचा संधिवात झाला, त्यांची ही ताकद दुखणं सुरू होण्याआधीपासूनच कमी होती. आपल्याकडे मुलगी शाळा सोडते तेव्हा बहुधा धावणं, उड्या, चढणं तिथेच थांबतं आणि पुढची चाळीस वर्षं काम भरपूर, पण स्नायूंना मुद्दाम ताकद मिळेल असं काही नाही. घरकाम म्हणजे व्यायामच, हे वाक्य मला म्हणूनच खटकतं. त्यात वाकणं आणि उभं राहणं अमाप असतं. स्नायू वाढेल असा चढत्या क्रमाचा भार नसतो.

संप्रेरकांचा वाटा आहेच. रजोनिवृत्तीच्या आसपास इस्ट्रोजेन घटतं, स्नायू आणि हाडं दोन्ही उतरणीला लागतात आणि गुडघ्याच्या तक्रारी याच वयात उसळतात. गरोदरपणात वजन वाढतं आणि बाळंतपणानंतर बाळाला घेऊन जमिनीवरून उठणं दिवसात कितीदा तरी होतं, तेही दोन्ही हात अडकलेले असताना.

उकिडवं बसणं

पाश्चात्त्य पुस्तकांत न सापडणारा हा आपला विषय. चालायला गुडघा साठ-सत्तर अंश दुमडला तरी पुरतो, जिन्याला आणि खुर्चीला नव्वदच्या आसपास. उकिडवं बसायला तो दीडशे अंशांच्याही पुढे जातो. विळीवर भाजी चिरणं, मोरीत कपडे धुणं, चुलीपुढे भाकरी, शेतातली खुरपणी, भारतीय पद्धतीचा संडास: सगळीकडे तोच कोन.

यात एक बारकावा आहे. गुडघ्यावरचा जोर अंगाच्या वजनाइतकाच त्या वजनाच्या रेषेपासून गुडघा किती लांब आहे यावरही ठरतो. खाली बसताना मांडी जमिनीला समांतर होते, त्या सुमारास हे अंतर सर्वांत जास्त असतं. त्याच्याही खाली गेलं की मांडीचा मागचा भाग पोटरीवर टेकतो आणि थोडा भार तिथे वाटला जातो. म्हणजे पूर्ण बसलेल्या बाईपेक्षा अर्धवट अधांतरी असलेल्या बाईच्या गुडघ्यांचे हाल जास्त. "बसले की बरं वाटतं, उठताना मरण" ही तक्रार अगदी शास्त्रशुद्ध आहे. पाश्चात्त्य संडासाची सवय असलेली बाई प्रवासात घाणीमुळे कमोडला न टेकता अधांतरी बसते, तेव्हा ती नेमकी हीच वाईट जागा धरून ठेवते.

खोल बसणं मुळातच वाईट, असं मी म्हणणार नाही. लहानपणापासून सवय असलेले, लवचीक घोट्याचे, हलक्या अंगाचे गुडघे ते वर्षानुवर्षं करतात. बिघडतं ते तासांच्या हिशेबाने. खुरपणी करणारी बाई उठत नाही, बसल्या बसल्या पुढे सरकत राहते. पूर्ण दुमडलेल्या गुडघ्यात मेनिस्कसचा मागचा भाग चेपलेला राहतो. बीजिंगमधल्या वृद्धांच्या पाहणीत तरुणपणी रोज बराच वेळ उकिडवं बसण्याचा संबंध पुढच्या संधिवाताशी आढळला आणि तिथल्या वृद्ध स्त्रियांत गुडघ्याचा संधिवात फ्रेमिंगहॅमच्या स्त्रियांपेक्षा जास्त होता.

दुसरी अडचण खंडाची. वर्षभर खुर्ची आणि श्रावणात एका रात्रीत बसफुगडी! मंगळागौरीच्या खेळांत अंगाला उत्तम व्यायाम आहे, पण पूर्ण दुमडलेल्या गुडघ्यावर उड्या मारायला मांडी आधी तयार असावी लागते. महिनाभर आधी रोज थोड्या बैठका काढल्या तर खेळ खुशाल खेळावा.

मध्यमवयीन बाईला बसताना-उठताना किंवा पायरीवर गुडघ्याच्या मागे अचानक "टक्" असं जाणवून तीव्र कळ आली, तर ते वयाचं म्हणून सोडू नये. आतल्या मेनिस्कसचं मागचं मूळ फाटल्याची ती खूण असू शकते. आशियाई स्त्रियांत ही इजा बरीच आढळते आणि वेळेत कळली तर पुढची झीज टाळता येण्याची शक्यता असते. नुसती कटकट वाजणं आणि दुखत काहीच नसणं, याची मात्र काळजी करू नये.

चपला आणि वजन

टाचेचा मुद्दा थोडक्यात. केसी केरिगन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये वीस निरोगी स्त्रियांना सुमारे सहा सेंटिमीटरच्या टाचा घालून चालायला लावलं. अनवाणी चालण्याच्या तुलनेत गुडघ्याच्या आतल्या बाजूचा ताण सरासरी २३ टक्क्यांनी वाढला. रुंद टाच सुरक्षित असावी असा समज होता, पण पुढच्या अभ्यासात तिनेही तेच केलं. लग्नात एक संध्याकाळ घालायला हरकत नाही, रोजच्या लोकलच्या जिन्यांवर नको.

वजनाबद्दल बायकांना इतकं ऐकवलं जातं की लिहायलाही संकोच वाटतो. पण आकडे दिलासा देणारे आहेत. २००५ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात संधिवात असलेल्या वयस्क, स्थूल व्यक्तींचं वजन एक किलोने घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो असं दिसलं. फ्रेमिंगहॅममधल्या स्त्रियांनी दहा वर्षांत पाचेक किलो वजन कमी केलं, तर त्यांचा दुखऱ्या संधिवाताचा धोका निम्म्याहून खाली आला. वीस किलो उतरवायची गरज नाही, पाचदेखील मोजले जातात.

काय बदलता येतं?

सर्वांत स्वस्त बदल उंचीचा. बसण्याची जागा उंच केली तर उठताना गुडघ्यावर येणारा जोर निम्म्यापर्यंत आणि कधी त्याहूनही खाली आणता येतो. खोल रुतणाऱ्या सोफ्याऐवजी ताठ खुर्ची, कॉटखाली ठोकळे, विळी ओट्यावर किंवा तिच्याऐवजी सुरी, फरशीला लांब दांड्याचं पुसणं. उठताना पावलं खुर्चीखाली मागे घ्यावीत, कंबरेतून पुढे झुकावं आणि मग उठावं. दुखण्याच्या धास्तीने बायका पाठ ताठ ठेवून उठू पाहतात, त्याने सगळा भार मांडीच्या पुढच्या स्नायूवर पडतो. झुकलं की खुब्याचे मोठे स्नायू कामाला लागतात.

जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हात कठड्यावर. एसटीच्या उंच पहिल्या पायरीलाही हाच नियम, दांडा घट्ट धरून. काठी घ्यायची तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. सिनेमात काठी नेहमी दुखऱ्याच बाजूला असते, त्याकडे दुर्लक्ष करावं.

खरं औषध मात्र स्नायूंची ताकद. वाटीच्या दुखण्यात मांडी आणि खुबा दोन्हींचे व्यायाम एकत्र केल्याचा फायदा सर्वांत चांगला सिद्ध झाला आहे. उंच खुर्चीतून हात न लावता सावकाश उठबस. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचलणं. उताणं झोपून गुडघा न वाकवता पाय वीतभर उचलून धरणं. ते जमलं की बुटक्या पायरीवरून आरशासमोर हळूहळू उतरणं, गुडघा पावलाच्या रेषेत आहे ना हे बघत. आठवड्यातून तीनदा, थकवा येईल इतकं आणि हळूहळू वाढवत. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात. बहुतेक जणी तिसऱ्या आठवड्यात सोडतात. करताना थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळीही ते वाढलेलंच राहिलं तर आदला दिवस जास्त झाला असं समजून कमी करावं.

तेल लावावं, शेकावं, नी-कॅप घालावी. बरं वाटतं, आणि बरं वाटल्यावर बाई चालायला निघते हाही फायदाच. चालणं बंद करणं हा मात्र उलटा उपाय आहे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण दाब पडण्या-सुटण्यातून होतं.

डॉक्टरांकडे कधी?

गुडघा सुजून गरम झाला, सोबत ताप आहे. तो अडकून बसतो, सरळच होत नाही. पाय अचानक दगा देतो. विश्रांती घेऊनही रात्री झोप मोडते. पोटरी सुजून दुखते: यातलं काहीही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून आधी तपासून घ्यावं. बऱ्याच सांध्यांत सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल, तर तो दाहक संधिवात असू शकतो आणि त्याचे उपचार अगदी वेगळे असतात. आणि गुडघा सर्व बाजूंनी ठीक वाटत असूनही दुखणं थांबत नसेल, मांडी घालून बसताना जांघेत ओढ जाणवत असेल, तर डॉक्टरांना खुबा तपासायला सांगावं. खुब्याच्या आजाराचं दुखणं सामाईक मज्जातंतूंमुळे पुष्कळदा गुडघ्यातच जाणवतं.